भिंगरीची सही

आयुष्यात पहिल्यांदा एका नामांकित माणसाची सही मला मिळाली ती न मागता मिळाली. मनात कितीही असतं तरी मागायचं धाडस माझ्यानं झालं नसतं. त्यानंच काउंटरवरचा कागद पुढे ओढला आणि कुणाच्या नावानं लिहू म्हणून विचारलं.

तेव्हा मी काकांच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. रीतसर शिकून आले होते, पण काकांच्या लेखी मी अजूनही 'नंबर काढणारी पोर'च होते. दुकान अरुंद आणि लांबोडकं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मध्ये काउंटर, आणि मागचा पडदा बाजूला केला की माझी खोली. तिथे एक उंच खुर्ची, भिंगांची पेटी आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दुपारी काका जेवायला घरी जात. त्या वेळात गिऱ्हाईक सहसा फिरकत नसे, म्हणून मी फ्रेमांवरची धूळ पुसत बसायची.

घरी आम्ही तिघं. आई, मी आणि धाकटा भाऊ. त्याला सगळे भोंग्या म्हणत. बोलायला लागायच्या आधी तो गाड्यांचे आवाज काढायला लागला होता, आणि गियर बदलल्याशिवाय या खोलीतून त्या खोलीत जात नसे. मोठा झाल्यावर टायरच्या दुकानात लागला, पण जीव सगळा शर्यतींत. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या. तिथे दर वळणावर झेंडेवाले उभे असतात. पुढे कुणी पडलं असेल तर मागून येणाऱ्यांना पिवळा झेंडा दाखवायचा, एवढंच त्यांचं काम. भोंग्या पाचव्या वळणावरचा झेंडेवाला होता. त्यासाठी त्याला एक टोपी आणि उन्हात भाजलेली मान, याखेरीज काही मिळत नव्हतं. तरी रविवार उजाडला की स्वारी अंघोळ करून अशी निघायची, जणू शर्यत हाच जिंकणार आहे.

त्याचं दैवत म्हणजे भिंगरी. हे काही त्या माणसाचं खरं नाव नव्हे. एका शर्यतीत तेलावरून त्याची गाडी घसरली, रस्त्यावर गरगर फिरली, आणि पडायच्या ऐवजी तो तसाच सरळ होऊन पुढे निघून गेला आणि जिंकला. तेव्हापासून तो भिंगरी. त्याच्या चेहऱ्याची पोस्टरं शहरभर लागायची. आमच्या घरात कपाटाच्या दारावर एक होतं. आई कपडे ठेवताना त्याला उगाच म्हणायची, सरक रे बाबा.

आदल्या हंगामात तो वाईट आपटला होता. काही महिने कुठे दिसला नाही. मग बातमी आली की तो परत उतरतोय, येत्या रविवारीच. भोंग्या जेवतानाही तेवढंच बोलत असे.

त्याच आठवड्यात एका दुपारी भिंगरी आमच्या दुकानात आला.

मी आधी ओळखलंच नाही. काळा चष्मा, साधा सदरा. बरोबर एक म्हातारा होता, हाताच्या रेषांत काळं तेल मुरलेला. तो आत आला नाही. दारातच, आमच्याकडे पाठ करून, रस्ता बघत उभा राहिला. आत आलेल्या माणसानं उन्हाचे चष्मे दाखवायला सांगितलं, आणि मी ट्रे काढत असताना त्याच्या डाव्या कोपरानं काउंटरवरचा गोल आरसा खाली गेला. फुटला नाही. पण तो माणूस असा दचकला, जणू आरसा हवेतून येऊन पडला असावा.

"हा इथे होता?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, इथेच असतो. त्यानं मान पूर्ण वळवून ती जागा बघितली. चष्मा काढला तेव्हा मी त्याला ओळखलं. रोज कपाटावर पाहिलेला चेहरा समोर हसत उभा राहिला की काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. भोंग्याला सांगितलं तर तो वेडा होईल, एवढंच डोक्यात आलं.

ऊन फार लागलंय, आत जरा बसू का, असं त्यानं विचारलं. मी पडदा बाजूला केला. पाणी आणायला वळले. परत आले तर तो खुर्चीत ताठ बसून समोरच्या तक्त्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते. काही म्हणत असेल स्वतःशी, असं मला वाटलं. शर्यतीच्या आधी माणसं काय काय करत असतील, आपल्याला काय ठाऊक.

पाणी पिऊन तो म्हणाला, "आलोच आहे तर डोळेही बघून घ्या. डाव्यापासून करा."

आम्ही उजव्यापासून सुरू करतो. पण मी कशाला अडवते? त्याच्या उजव्या डोळ्यावर झाकणी धरली, तक्त्यावरचा दिवा लावला आणि पट्टी उचलली. मी पहिल्या अक्षरावर पट्टी ठेवायच्या आतच त्यानं सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, शेवटची बारीक ओळसुद्धा, एकाही अक्षराला न अडखळता. असे डोळे मी क्वचित पाहिले होते. मनात म्हटलं, उगाच नाही हा माणूस वाऱ्यासारखा जात. पण माझी पट्टी अजून पहिल्या ओळीवरच होती. तो माझ्या पट्टीच्या पुढे वाचत होता. डोळ्याचं बुबुळ मात्र ओळींबरोबर हलत नव्हतं. तक्त्याच्या जरा बाजूला, भिंतीवर कुठेतरी ते टेकून राहिलं होतं.

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं, आणि तो वाचायला लागायच्या आत तक्ता हळूच उलटा केला. आमच्या तक्त्याच्या दोन्ही बाजूंवर अक्षरं असतात, वेगवेगळी. एकच बाजू वाचून वाचून माणसांना पाठ होते म्हणून.

त्यानं सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सगळी मघाचीच अक्षरं, त्याच ठसक्यात. आणि त्यातलं एकही आता भिंतीवर नव्हतं.

मी काहीच बोलले नाही, आणि न बोलण्यावरूनच त्याला कळलं. तो मध्येच थांबला. झाकणी बाजूला सारून उजव्या डोळ्यानं तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोन बाजू असतात होय याला?" तो म्हणाला. रागावला नव्हता. एखाद्याला जवळचा रस्ता सापडावा तसा चेहरा होता त्याचा.

मी विचारलं, किती दिसतं? तो म्हणाला, उजेड कळतो. पडल्यानंतर आधी धुकं आलं, मग कडेनं पडदा ओढल्यासारखं होत गेलं, आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर दाखवून झालं होतं. त्यांनी जे सांगितलं ते मला सांगायची त्याची इच्छा दिसली नाही. शुक्रवारी ट्रॅकवरचे डॉक्टर सगळ्यांचे डोळे तपासणार होते, आणि ते नेहमी डाव्यापासून सुरू करत. त्यांच्या खोलीतला तक्ता हाच. तो कुठून घेतात आणि तसाच आणखी कुठे आहे, ते त्यानं आधीच शोधून काढलं होतं.

बोलता बोलता तो खुर्चीतून उठला आणि तक्त्यासमोर जाऊन उभा राहिला. उलट्या बाजूच्या पहिल्या ओळीपासून त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले. मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्यानं मान हलवली, म्हणजे ऐकलं, पण वाचायचं थांबवलं नाही. मी तक्ता काढून घेऊ शकले असते म्हणाल, तर त्या माणसाच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरायची माझी हिंमत नव्हती. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यानं डोळे मिटून सगळं एकदा म्हणून पाहिलं, आणि एक अक्षर चुकलं ते परत बघून घेतलं.

मग तो बाहेर काउंटरपाशी आला. बिलांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला.

"कुणाच्या नावानं लिहू? प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असतंच."

माझ्या तोंडून भोंग्याचं नाव गेलं. पाचव्या वळणावर झेंडा धरतो, हेही गेलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. तो खूश झाला. मी पेन पुढे केलं तर त्याची बोटं पेनाच्या अलीकडेच हवेत मिटली. पुन्हा उघडली, आणि मग पेन धरलं. कागदावर टेकवतानाही तसंच झालं, निब कागदाच्या वरच थांबली. मग त्यानं डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवलं आणि त्या बोटाच्या आधारानं सही केली. ठळक, झोकदार, पोस्टरवर असते तशी.

"पाचवं डावीकडे वळतं," तो म्हणाला. "त्याला सांगा, रविवारी भेटू."

दारातल्या म्हाताऱ्यानं त्याच्या डाव्या बाजूला जागा घेतली आणि दोघं गर्दीत गेले. म्हातारा त्याची गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री होता, हे मला नंतर कळलं.

काका आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी कागद उजेडात धरून सही पाहिली, मग मला शांतपणे समजावलं की गिऱ्हाइकाचा डोळा गिऱ्हाइकाचा, आपण काच विकतो. असल्या माणसाचं नाव घेऊन आपण काही बोललो आणि ते उद्या खोटं ठरलं तर दुकानाला कुलूप लागेल. वर म्हणाले, बघ, सही फ्रेम करून लावू का इथे? मी कागद त्यांच्या हातातून घेतला.

संध्याकाळी घरी तो भोंग्याला दिला. त्याच्याइतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. तो काही बोललाच नाही, आणि भोंग्या बोलत नाही ही गोष्ट इतकी नवलाची होती की आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. जेवताना मी मुद्द्यावर आले. तो आधी हसला. मला सगळ्यांच्याच डोळ्यांत काहीतरी दिसतं, शेजारच्या मांजरालाही मी नंबर काढला असता, असं म्हणाला. मी तक्ता उलटवल्याचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं.

"ताई, तो तुझी गंमत करत असणार. त्याला करायची सवय आहे."

"मग तू दुसऱ्या बाजूला उभा राहा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला. एवढंच कर."

झेंडेवाले जागा निवडत नाहीत, म्हणाला. पान अर्धं टाकून उठला. त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. कागद मात्र त्यानं कपाटाच्या दारावर, पोस्टरच्या शेजारी लावला होता.

शुक्रवारी दुपारी मी अर्धी सुट्टी काढून ट्रॅकवर गेले. डॉक्टरांची खोली म्हणजे पत्र्याची शेड. पेट्रोलचा आणि मलमांचा वास एकात एक मिसळलेला. डॉक्टर थकलेले, सभ्य गृहस्थ होते. मी कोण, कुठून आले ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांनी सकाळीच तपासलंय, सगळ्या ओळी बरोबर आल्या. मी विचारलं, तक्ता उलटला होता का? उलटला होता, म्हणाले. ती बाजूही त्यानं घडाघडा म्हटली.

"तुम्ही पट्टी ठेवायच्या आधी म्हटली का?" मी विचारलं.

डॉक्टर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी इंजिन रेस करत होतं आणि शेडचे पत्रे थरथरत होते. मी म्हटलं, बोटं दाखवा त्याला डाव्या बाजूनं, किती ते विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, "बघतो मी." पण हे म्हणताना त्यांनी टेबलावरची पोस्टरांची चळत उगाच सरळ केली. तीस-चाळीस भिंगऱ्या एकावर एक, सगळ्या हसत. मी निघाले तेव्हाच मला कळून चुकलं होतं की ते काही बघणार नाहीत.

परतताना फाटकापाशी मला मिस्त्री भेटला. तो माझीच वाट पाहत होता की नाही, मी सांगू शकत नाही. त्यानं वाट अडवली नाही, पण वाटेतून हललाही नाही.

"मी असतो त्याच्या डावीकडे," तो म्हणाला. "गाडीवर बसेपर्यंत मी असतो. गाडीवर बसला की त्याला रस्ता पाठ आहे. तुम्ही घाबरू नका."

मला धीर द्यायला बोलला असेल. पण पाठ त्याला तक्ताही होता.

रविवारी मी आईला सांगून शर्यतीला गेले. त्याआधी कधी गेले नव्हते. पाचव्या वळणाच्या बाहेर मातीचा उंचवटा होता, त्याच्यापुढे तारेचं कुंपण, तिथे लोक दाटीवाटीनं उभे होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, वळणाच्या आतल्या अंगाला भोंग्या उभा होता, पिवळा झेंडा काखेत धरून. त्यानं मला पाहिलं आणि नजर फिरवली. माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन होती. ती मुलगी सारखी विचारत होती, भिंगरी कुठला?

गाड्या सुटल्या. त्या पहिल्यांदा पाचव्या वळणावर आल्या तेव्हा मी डोळे मिटले. आवाज अंगावरून गेला आणि पुढे विरला. उघडून पाहिलं तर भोंग्या जागेवर होता. दुसऱ्या फेरीला मी डोळे उघडे ठेवले. भिंगरी सगळ्यांच्या पुढे होता, आणि रस्त्याची डावी कड धरून चालला होता. इतकी घट्ट, की चाकाखालून गवत उडत होतं. त्याच्या डाव्या बाजूनं पुढे जायला कुणाला जागाच उरत नव्हती. माझ्या मागचा एक जण जाणकाराच्या थाटात सांगत होता की ही याची नवी युक्ती आहे, बघा कसा आतून दाबतोय सगळ्यांना. लोक माना डोलवत होते. त्या सगळ्या गर्दीत, तो कड का सोडत नाही हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते सांगावं असं तिथे कुणी नव्हतं.

दर फेरीला तो भोंग्याच्या पायांजवळून जात होता. दर फेरीला भोंग्याचा सदरा त्या वाऱ्यानं फुगत होता. एकदा एक फेरी मागे राहिलेली गाडी भिंगरीच्या पुढे घसरून गवतात गेली तेव्हा भोंग्यानं पिवळा झेंडा असा काही फडकावला की मलाच अभिमान वाटला. बाकीच्या गाड्या मंदावल्या. भिंगरी मंदावला नाही. झेंडा डावीकडे होता. पण तो सगळ्यांत पुढे असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि तो जिंकला.

शेवटची फेरी संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा मी कुंपणाला धरून उभी राहिले. मला हसू यायला लागलं. आठवडाभर मी सगळ्यांचा जीव खाल्ला होता, आणि इथे माणूस जिंकूनही मोकळा झाला होता. शेजारची मुलगी टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. घरी जाऊन भोंग्यापुढे कान धरायचे, तो चार दिवस टोमणे मारेल ते ऐकून घ्यायचे, हे मी तिथेच ठरवलं.

जिंकणारा नंतर एक फेरी सावकाश मारतो, लोकांना हात करत. हेल्मेटची काच वर असते, गाडी जेमतेम चालत असते. झेंडेवाले त्या वेळी कडेला येतात, झेंडे हलवतात, कुणी हात मिळवतात. अशी पद्धतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भिंगरी पाचव्या वळणाकडे येताना दिसला आणि आमच्या उंचवट्यावरचे सगळे ओरडायला लागले. त्यानं मान उजवीकडे वळवली, आमच्याकडे, आणि हँडलवरचा डावा हात उचलून हलवला.

भोंग्या पलीकडून रस्त्यावर आला. एका हातात तो पिवळा झेंडा पसरून धरला होता आणि दुसऱ्या हातात शाईचं जाड पेन. आधीची सही त्याला ताईमुळे मिळाली होती. ही त्याला स्वतः घ्यायची होती, झेंड्यावर, सगळ्यांच्या देखत. तो हसत होता. भिंगरी आपल्याला बघून थांबेल याबद्दल त्याच्या मनात एवढीही शंका नव्हती. तो सरळ गाडीसमोर येऊन उभा राहिला.

मी ओरडले. त्या कल्लोळात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

भिंगरी आमच्याकडे बघत हसत होता. गाडी वेगात नव्हती. धावत जाणारा माणूस जितक्या वेगानं जाईल, त्याहून थोडी जास्त. पण ती थांबली नाही, वळली नाही, कचरलीही नाही. चाक भोंग्याच्या मांडीवर गेलं आणि जड पोतं पडावं तसा आवाज झाला. झेंडा पुढच्या चाकात गुंतला आणि गाडी आडवी झाली. भिंगरी घसरत गेला, उठला, आणि चहूकडे बघायला लागला. आपण कशाला धडकलो ते तो शोधत होता. भोंग्या त्याच्या डाव्या बाजूला, दोन हातांच्या अंतरावर पडलेला होता.

कुंपण मी कसं ओलांडलं ते आठवत नाही. तळव्यावरची तारेची खूण अजून आहे.

भोंग्या वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, खुब्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी आधी पाय राहील की नाही तेच सांगितलं नाही. राहिला. आई त्याच्या उशाशी बसून होती. मला तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही, आणि तेच मला जड जात होतं.

भिंगरी दुसऱ्या दिवशी वॉर्डात आला. मिस्त्री बरोबर होता. शर्यतीच्या मंडळाचा एक माणूसही आला होता, घडलं कसं ते विचारायला. भोंग्या भुलीतून नुकता नीट बाहेर आला होता, ओठ कोरडे पडले होते. तरी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं की चूक त्याची. गाडी चालू असताना रस्त्यावर यायला नको होतं, तो आला. मंडळाच्या माणसानं समाधानानं मान हलवली. अर्ध्या मिनिटात ते प्रकरण मिटलं असतं.

मी म्हटलं, मला बोलायचंय. भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. "ताई, नको," एवढंच म्हणाला.

मी सांगितलं. दुकान, खुर्ची, तक्ता, शुक्रवारची भेट, सगळं. मंडळाच्या माणसाचा चेहरा दगडासारखा झाला. असले आरोप जपून करावेत, डॉक्टरांनी तपासून पास केलेला माणूस आहे, असं तो मला ऐकवायला लागला. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, झालं, आता आपल्यालाच खोटं पाडतील.

भिंगरी पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं हात वर करून त्या माणसाला थांबवलं.

"मला तो दिसला नाही," तो म्हणाला. "कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. काल रात्रभर आठवून पाहिलं. त्या बाजूला काहीच नव्हतं."

भोंग्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो रडला. पाय मोडल्यावर रडला नव्हता.

भिंगरीचा परवाना गेला. डॉक्टरांनाही दुसरीकडे पाठवलं, असं ऐकलं. पोस्टरं उन्हानं पांढरी होत होत भिंतींवरून गळाली. भिंगरी आणि मिस्त्री यांनी मिळून दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, आणि भोंग्या कुबड्या सोडून काठीवर आला तसा तिथेच कामाला लागला. मला ते मंजूर नव्हतं. मी तसं म्हटलंही. त्यावर तो म्हणाला, "तू त्याला संपवलंस. मी निदान त्याच्या बाजूला उभा राहतो." मग सहा-सात महिने आमचं बोलणं जेवायला बस आणि दार लाव एवढ्यावर आलं. आई आमच्या मध्ये निरोप पोचवायची. तुझी बहीण म्हणतेय, तुझा भाऊ म्हणतोय. एकाच खोलीत बसून.

पुढच्या हंगामाला नवी पोस्टरं लागली. नवा चेहरा, अगदी कोवळा, मिसरूडही न फुटलेला. पहिल्या रविवारी भोंग्या अंघोळ करून, काठी घेऊन बाहेर निघाला. त्याच्या टोपीवर नवा बिल्ला होता. आई म्हणाली, नको जाऊ म्हण ना त्याला. मी म्हटलं, मी म्हटलं तर नक्की जाईल. तरी जिन्यापर्यंत गेले. कुठल्या वळणावर, एवढंच विचारलं. तो एक-एक पायरी उतरत होता. वळून पाहिलं नाही, पण उत्तर दिलं, कितीतरी दिवसांनी सरळ मला.

"बाहेरच्या अंगाला," तो म्हणाला. "दार लावून घे."

वारा त्या बाजूचा असला की आमच्या गच्चीवर इंजिनांचा आवाज येतो. एकसारखा, दूरचा, माशी काचेवर अडकावी तसा. शर्यत संपायच्या आधी तो मध्येच बंद पडला, तर कुणीतरी पडलंय. आई हे आता शिकली होती. त्या दिवशी ती धुतलेला टोप हातात घेऊन गच्चीच्या दारात उभी होती, आणि आवाज मध्येच थांबला. ती माझ्याकडे वळली नाही. मीही हलले नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बराच वेळ गेला. मग एक इंजिन सुरू झालं, मग दुसरं, मग सगळी. आईनं टोप खाली ठेवला, आणि दुपारच्या जेवणाचं काय करायचं म्हणून मला विचारलं.